धागा: वरच्या खोलीतला सुदानचा मुलगा. युद्धामुळं घर तुटलेल्या पोरांसाठी गल्लीनं काय करावं?

बेगमपुऱ्याची काकू
१३ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथं रोज वाचते, लिहीत कधी नाही. आज लिहिते, कारण एकटीनं विचार करून डोकं चालेना.

आमचं घर औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) बेगमपुऱ्यात, विद्यापीठ पायी पंधरा मिनिटांवर. वरची खोली आम्ही शिकणाऱ्या मुलांना देतो. २०२२ च्या पावसाळ्यात सुदानचा एक मुलगा आला. वय एकोणीस. खार्टूमला लागूनच नाईलच्या पलीकडं ओमदुरमान म्हणून शहर आहे, तिथला. वडिलांचं कापडाचं दुकान, दर महिन्याला पैसे यायचे, भाडं पाच तारखेच्या आत. कधी बोलायची वेळ आली नाही.

१५ एप्रिल २०२३ ला तिकडं सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठले. आठवडाभरात बँका बंद, फोन बंद. आई आणि दोन बहिणी वाळवंटातून बसनं इजिप्तला गेल्या. वडील दुकान राखायला मागं थांबले.

मे महिन्याच्या पाच तारखेला तो खाली आला. हातात खोलीची किल्ली. ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, ‘आंटी, इस महीने का किराया नहीं है। रूम खाली करता हूँ।’ सामान कुठं नेणार, विचारलं तर गप्प. आमच्या ह्यांनी किल्ली उचलली, वर जाऊन त्याच्याच दाराच्या कडीत लटकवून आले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन वर गेले, तर खिडकीत बिस्किटाच्या पुड्यांचे रिकामे कागद घडी घालून एकावर एक ठेवलेले. महिनाभर पोरगं चहा-बिस्किटावर होतं आणि आम्हाला खाली पत्ता नाही. हे मला अजून खातं.

तेव्हापासून तो आमच्यात जेवतो. पहिल्या दिवशी भाकरी वाढली, तर त्यानं तुकडा मोडून वास घेतला आणि विचारलं, हे कशाचं पीठ? ज्वारी दाखवली. मूठभर दाणे हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. त्यांच्याकडं ज्वारीच खातात म्हणे. पीठ आंबवून तव्यावर पातळ धिरड्यासारखं पसरवतात, त्याला किस्रा म्हणतात. आईच्या हातचं ते खाऊन वर्ष होत आलं होतं.

आता अडचण अशी. मे महिन्यात त्याची पदवी झाली. व्हिसा शिक्षणाचा आहे. घरी जायचं तर घर नाही, दुकान लुटलं गेलं, वडील सध्या एका नातेवाइकाकडं आहेत. काय पाहिजे विचारलं की एकच उत्तर, ‘सब ठीक है आंटी।’ गल्लीतली माणसं वाईट नाहीत, पण ‘तो काळा पोरगा’ याच्यापुढं कुणाची ओळख जात नाही. आणि तो एकटा नाही. आपल्या शहरात येमेन, सुदान, अफगाणिस्तानची बरीच मुलं आहेत.

पैसे गोळा करून देण्यापलीकडं गल्ली म्हणून नेमकं काय करता येतं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

---

खामकाठ
१३ जून, रात्री १०:२५

काकू, आधी त्या किल्लीसाठी काकांना नमस्कार सांगा.

तुम्ही बेगमपुऱ्यात, म्हणजे पाणचक्की हाकेच्या अंतरावर. या शहराला नहरीनं पाणी पाजणारा मलिक अंबर हबशी, इथिओपियात जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदाद करत दख्खनला पोचला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आपलं शहर. त्याची कबर खुलताबादला आहे. आफ्रिकेतून घर तुटून आलेल्या पोरानं वसवलेल्या गावात आपण राहतो. गल्लीतल्या मुलांना घेऊन एकदा खुलताबादला जा, आणि या मुलाला सोबत न्या. ‘तो काळा पोरगा’ म्हणणाऱ्या लेकरांना शाळेच्या धड्यानं कळणार नाही ते तिथं उभं राहून कळेल.

---

दुष्काळी_जालना
१४ जून, सकाळी ७:१०

माझं बोलणं काहींना आवडणार नाही, तरी बोलतो. आमच्या गावातून दर घरातलं एक पोरगं पुण्याला हेलपाटे मारतंय. कुणी एमपीएससीच्या नादात, कुणी कंपनीत ठेकेदाराकडं. नापिकीनं माणसं फास लावून घेतात. त्या घरातल्या लेकरांच्या पाठीशी कोण उभं राहतं? बाहेरच्यांसाठी धागे निघतात. आणि परदेशी माणूस घरात ठेवायचा म्हणजे पोलिसांचं लफडं वेगळंच. उद्या काही झालं तर काकूंनाच खेटे घालावे लागतील. आपलं झाकून मग दुसऱ्याचं बघावं, असं माझं मत आहे.

---

बालाघाट_गुरुजी
१४ जून, सकाळी ११:५०

जालनाकर दादा, तुमच्या बोलण्यात खोटं काही नाही, म्हणून उत्तर देतो. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दसरा-दिवाळीला ऊसतोडीचा कोयता निघतो, आणि माझा निम्मा वर्ग आईबापाच्या टोळीबरोबर कारखान्याला जातो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांना आजी-आजोबा नाहीतर शेजारी सांभाळतात. बाकीची मार्च-एप्रिलला परत येतात, तोवर वर्ग फार पुढं गेलेला असतो.

पंधरा वर्षं ही लेकरं बघून मी जे शिकलो ते काकूंच्या कामाचं आहे आणि तुमच्याही गावाच्या कामाचं आहे. घर सुटलेल्या पोराला फाटकातून आत घेणं सोपं असतं. आत आल्यावर ते शेवटच्या बाकावर जाऊन बसतं, वहीवर हात ठेवून. विचारलं तर ‘समजलं सर’ म्हणतं. काकूंच्या मुलाचं ‘सब ठीक है’ हे तेच. कारण आणखी काही मागितलं तर असलेलं जाईल ही भीती.

मी एक करतो. परत आलेल्या प्रत्येक लेकराला वर्गातलं एक लेकरू नेमून देतो. हुशार नव्हे, बोलकं. त्याचं काम एवढंच की मधल्या सुट्टीत याला एकटं सोडायचं नाही. दोन आठवड्यांत मागच्या बाकावरचं पोर पुढं येतं. मी शिकवल्यानं येत नाही, डबा वाटून खाल्ल्यानं येतं.

आणि दुसरं, नाव. ‘तोडीवाल्याचं’ म्हणून हाक मारली की संपलं. काकू, गल्लीत आधी सगळ्यांना त्याचं नाव नीट उच्चारायला शिकवा. तुम्ही इथं नाव लिहिलं नाही ते योग्यच केलं, पण गल्लीत नाव पाहिजे.

दादा, आधी आपलं मग दुसऱ्याचं असा हिशोब वर्गात मांडता येत नाही हो. ज्या गावाला हंगामी वसतिगृह नीट चालवता येतं त्याच गावाला सुदानचं पोरही सांभाळता येतं, कारण लागणारी माणसं तीच असतात.

---

वकील_लातूर
१४ जून, दुपारी ३:१५

कागदांचं मी सांगतो. भावनेच्या भरात चांगली माणसं इथंच चुकतात.

भारतानं निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळं कुणाची काय स्थिती हे देशागणिक आणि माणसागणिक ठरतं. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार थेट बघतं. इतर देशांतून जीव वाचवून आलेल्यांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यालयात नोंदणी मागता येते. २०११ च्या शेवटी गृह मंत्रालयानं अशा दाव्यांची एक ठरावीक पद्धत आखली. छाननीत दावा खरा ठरला तर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यावर शिक्षण आणि खाजगी नोकरी दोन्ही करता येतं. पण ‘मिळू शकतो’ आणि ‘मिळतो’ यांत फार अंतर आहे, हे त्याला आधीच सांगा. राज्यघटनेच्या कलम २१ मधला जीविताचा हक्क मात्र फक्त नागरिकाचा नाही, ‘व्यक्ती’चा आहे. १९९६ मध्ये चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं.

काकूंच्या मुलापुरतं बोलायचं तर तो आज विद्यार्थी आहे, आणि विद्यार्थी राहणं हाच सर्वांत सरळ रस्ता. एम.एस्सी.ला प्रवेश, प्रवेशाचं पत्र, त्यावर व्हिसाची मुदतवाढ. अर्ज ऑनलाईन होतो, आपल्या शहरात पोलीस आयुक्तालयातला परदेशी नागरिक नोंदणी विभाग ते बघतो. मुदत संपायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे. एक दिवस उलटला की चांगलं पोरगं कागदावर गुन्हेगार होतं. पासपोर्टाची मुदतही आजच बघा, दूतावास दिल्लीला आहे आणि त्यांच्या देशात युद्ध चालू असल्यानं वेळ लागतो.

जालनाकर, पोलिसांचं लफडं म्हणालात. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत घरमालकानं कळवायचं असतं. कळवलं की लफडं उरत नाही, लपवलं तर होतं. या एप्रिलमध्ये संसदेनं परदेशी नागरिकांविषयी नवा कायदाही केलाय, तेव्हा फॉर्म कोणता ते कार्यालयात विचारूनच भरा.

एक सावधगिरी. विद्यार्थी व्हिसावर नोकरी चालत नाही. दया येऊन कुणी त्याला दुकानावर ठेवलं, मोबाईल दुरुस्तीला बसवलं, तर तुम्ही त्याचं भलं करायला जाऊन त्याला खड्ड्यात घालाल. मदत फीच्या रूपानं करा, थेट संस्थेत भरा, पावती त्याच्या फाईलला लावा.

आणि लहान भावंडं सोबत असतील तर: शिक्षण हक्क कायदा २००९ चा. ६ ते १४ वयाचं लेकरू वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळेला परत पाठवता येत नाही. खरा गळा चौदाच्या पुढं आवळतो. त्या वयाच्या मुलांना मुक्त विद्यालयाचा रस्ता लवकर दाखवा, नाहीतर ती हॉटेलात भांडी घासायला लागतात.

---

धाराशिवची_लेक
१४ जून, सायंकाळी ६:३०

आमची आजी परंड्याकडची. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ च्या उन्हाळ्यात, आजोबांनी बैलगाडीत बायकामुलं घातली आणि रातोरात हद्द ओलांडून बार्शी गाठली. बार्शी तेव्हा मुंबई इलाख्यात. आम्ही निजामाचे. तिकडचे लोक आम्हाला ‘मोगलाईतले’ म्हणायचे. आजी सांगायची, हा शब्द शिवी नव्हता, पण दरवेळी टोचायचा.

एका अडत्यानं गोदामाचा कोपरा दिला, तिथं चार कुटुंबं पडद्यानं वाटून राहिली. माझे मोठे काका तेव्हा तेरा वर्षांचे. आपल्याकडं वरच्या इयत्तांचं शिक्षण उर्दूत होतं, म्हणून त्यांना गणित उर्दूत येत होतं आणि बार्शीच्या शाळेत मराठीत. मास्तरांनी विचारलं की उत्तर माहीत असायचं, शब्द नसायचा. एका मास्तरांनी त्यांना सांगितलं, ‘तू उर्दूत लिही, मी वाचून घेतो.’ त्या मास्तरांना उर्दू येत नव्हती. ते रोज संध्याकाळी बाजारातल्या एका अत्तरवाल्याकडं वही घेऊन जायचे आणि वाचून घ्यायचे. काका पुढं इंजिनियर झाले. त्या मास्तरांचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा एकही दसरा गेला नाही.

सप्टेंबरात निजाम शरण आला, दिवाळीला आजी परत गेली. घराचे वासे काढून नेलेले होते.

काकू, तुमच्या मुलाला विषय येतो की इंग्रजी-मराठीचा शब्द अडतो, हे कुणीतरी शोधा.

---

चाऊस_परभणी
१४ जून, रात्री ९:०५

धाराशिवच्या ताई, तुमच्या आजीची गोष्ट वाचून माझ्या दादीची आठवण झाली. सप्टेंबर १९४८ च्या नंतर दुसऱ्या बाजूची माणसं पळाली. आमची पळाली. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त नुकसान झालं असं लिहिलंय. दादीला वसमतजवळच्या एका पाटलीणबाईनं महिनाभर कडब्याच्या गंजीमागं, मग माजघरात ठेवलं होतं. हे मी कुणावर राग काढायला सांगत नाही. मराठवाड्यात असं घर शोधून सापडणार नाही, ज्यातलं कुणी कधी दुसऱ्याच्या माजघरात राहिलेलं नाही.

माझं आडनाव सांगतंच, आमचे पूर्वज येमेनच्या हद्रमौत भागातले, निजामाच्या फौजेत आलेले. परभणी, नांदेड, औरंगाबाद, सगळीकडं चाऊस आहेत. चार पिढ्यांत अरबी विसरलो, मराठी पेपर वाचतो. तर पाच वर्षांपूर्वी विद्यापीठात शिकणारा एक येमेनी मुलगा नातेवाइकाच्या लग्नात भेटला. आडनाव ऐकून त्यानं माझा हात सोडलाच नाही. सना विमानतळ २०१६ पासून प्रवाशांना बंद होतं, बाप वारला तरी जाता आलं नव्हतं. शहरात त्यानं खोलीसाठी अकरा घरं विचारली होती. भाडं देतो म्हणूनसुद्धा अकरा जणांनी नाही म्हटलं, त्यातली निम्मी घरं आमच्याच समाजाची. मला फार लाज वाटली.

आम्ही दर शुक्रवारी त्याला जेवायला बोलावू लागलो. माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिले सहा महिने मी त्याला फक्त मशीद आणि आमच्या घरातच फिरवलं. वाटलं, आपल्यातलाच आहे, इथंच रमेल. तो रमला, पण शहराला तो अनोळखीच राहिला. मग माझ्या मुलानं त्याला क्रिकेटच्या टीममध्ये नेलं. त्याला बॅट धरता येत नव्हती. फुटबॉलवाला पोरगा, झेल मात्र भारी घ्यायचा. त्या टीममधल्या एका मित्राच्या मावशीनं त्याला खोली दिली. बारावं घर ते.

---

तेरणाकाठ
१५ जून, मध्यरात्री १२:५०

सगळे प्रतिसाद वाचले. झोप येईना म्हणून लिहितोय.

मी किल्लारीच्या बाजूच्या एका गावचा. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या आधी जमीन हलली. मी नऊ वर्षांचा होतो. आई, वडील, धाकटी बहीण गेली. मला आठ तासांनी काढलं, हातात उखळाचा तुकडा होता म्हणे.

निर्वासित हा शब्द मला कुणी लावला नाही, कारण मी देश सोडला नव्हता. पण मी तेच होतो. म्हणून सुदानच्या मुलासाठी नाही, तर त्याच्या आजूबाजूच्या माणसांसाठी चार गोष्टी सांगतो.

सुरुवातीचे तीन महिने जग आमच्या दारात होतं. ब्लँकेटं इतकी आली की आम्ही ती जनावरांच्या अंगावर घातली. प्रत्येक माणूस खाली वाकून विचारायचा, ‘बाळ, काय झालं होतं त्या रात्री?’ मी सांगायचो. तो रडायचा. मग त्याला बरं वाटायचं आणि तो निघून जायचा. मी ती गोष्ट चाळीस-पन्नास वेळा सांगितली असेल. शेवटी शेवटी मला कळायचं की कुठल्या वाक्याला माणूस रडतो. नऊ वर्षांच्या लेकराला हे कळू नये हो.

वर्ष झालं आणि सगळे थांबले. खरी गरज तिथून सुरू झाली. औशाला मामाकडं होतो, शाळेत ‘भूकंपाचं पोर’. पावसात पत्रा वाजला की मी दप्तर टाकून मैदानात पळायचो, वर्ग हसायचा. गणिताच्या सरांनी एक केलं, माझी जागा बदलून दाराजवळ दिली. कुणाला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, ‘वाटलं तर उठून जा, पण उदाहरण संपवून जा.’ त्यानंतर मी दोनदाच उठलो. ते सर दहावीपर्यंत रोज एकच प्रश्न विचारायचे, ‘गणित झालं का?’ बाकी कधी काही विचारलं नाही. त्या प्रश्नावर मी जगलो असं म्हणालो तर खोटं नाही.

त्यामुळं काकू, त्याला कार्यक्रमात उभं करू नका. २० जूनला जागतिक निर्वासित दिन असतो, कुणीतरी नक्की म्हणेल की त्याला हार घालू, दोन शब्द बोलायला लावू. नका करू. तो स्वतःहून सांगेल तेव्हा ऐका, आणि ऐकताना तुम्ही त्याच्याहून जास्त रडू नका. आणि १५ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी काही बोलू नका, फक्त जेवायला त्याच्या आवडीचं करा.

मी आजही तळमजल्यावरच राहतो, दाराजवळ झोपतो. बायकोनं कधी कारण विचारलं नाही.

---

गोदाकाठ_नांदेड
१५ जून, सकाळी ८:२०

तेरणाकाठ दादा, तुमचं लिहिणं वाचून हात थरथरला. काही लिहावंसं वाटत नव्हतं, पण एक कामाची गोष्ट राहून जाईल.

आमच्याकडं हजूर साहिबला लंगर कधी थांबत नाही. कुणीही या, पंगतीत बसा. आमच्या विद्यापीठातली येमेनची मुलं घरून पैसे थांबले तेव्हा तिथं जेवायला जायची. चार दिवस आली, पाचव्या दिवशी येईनात. विचारलं तर म्हणाली, फुकट किती दिवस खायचं. एका बाबाजींनी त्यांना पोळ्या लाटायला बसवलं. लाटता येत नव्हत्या, मग भांडी घासायला. त्यानंतर ती मुलं वर्षभर येत राहिली, कारण आता ती जेवायला येत नव्हती, सेवेला येत होती. पंगतीत बसवता तसं वाढायलाही उभं करा, मग मान खाली राहत नाही.

तुमचा मुलगा गल्लीसाठी काय करतो, काकू? काहीतरी करतच असणार.

---

बेगमपुऱ्याची काकू
१५ जून, सकाळी १०:१०

गोदाकाठ, तुम्ही विचारलं आणि मी चाट पडले, कारण करतो, आणि मी ते मोजलंच नव्हतं. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, कधी रात्री दोनला. हा मुलगा जागा राहतो, समोरच्या दोन म्हाताऱ्या बायकांच्या टाक्या भरतो, मोटर बंद करतो. मला वाटायचं, त्याला झोप येत नाही म्हणून करतो. तेही असेल.

तेरणाकाठ, तुम्हाला काय लिहू? तुमच्या सांगण्यावरून एक आजच थांबवलं. कोपऱ्यावरच्या मंडळाच्या पोरांनी खरंच २० तारखेला सत्कार ठरवला होता. मी नको म्हणाले, तर बिचारी हिरमुसली. त्यांना म्हटलं, तुम्हाला करायचंच असेल तर रविवारी सकाळी तुमच्यात खेळायला घ्या त्याला.

---

कोल्हापूर_सासर
१५ जून, दुपारी १:४०

माहेर सेलूचं, सासर कोल्हापूर. इथली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकलेले पाचएक हजार पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. शाळा होती, चर्च होतं. ते गेल्यावर तीच जागा फाळणीत सिंध सोडून आलेल्यांना मिळाली, आज तिथं गांधीनगरची कापडपेठ आहे. छावणीत वाढलेल्या मुलांपैकी काही म्हातारी होऊन २०१९ मध्ये पाहुणी म्हणून परत आली होती. मी बघायला गेले होते. त्यांना पाच वर्षांतली दुकानं, ओढे, माणसं आठवत होती. कुणी किती मदत दिली ते कुणीच काढलं नाही.

---

दुष्काळी_जालना
१५ जून, रात्री ८:४५

गुरुजी, वकील साहेब, वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. जगात घर सुटलेली माणसं १२ कोटींच्या वर आहेत असं पेपरात होतं, त्यांत दर दहांत चार लेकरं. एवढ्यांचं आपण काय करणार, हा प्रश्न माझ्यापुढं आहेच.

पण बिस्किटाच्या कागदांच्या घड्या डोक्यातून जात नाहीत. माझा पुतण्या पुण्यात होता तेव्हा कॉटच्या खाली अशाच सापडल्या होत्या. तो आम्हाला फोनवर ‘सगळं ठीक आहे काका’ म्हणायचा.

गुरुजी, तुमच्या वसतिगृहाबद्दल मला व्यक्तिगत निरोप टाका. आमच्या गावातूनही टोळ्या जातात, आणि लेकरं आजीपाशी ठेवतात. नुसती ठेवतात.

---

बेगमपुऱ्याची काकू
२४ जून २०२५, रात्री १०:००

नऊ दिवसांत झालं ते सांगते.

नाव आता गल्लीतल्या सगळ्यांना येतं. पहिला शिकला समोरचा सहा वर्षांचा, तो आता गॅलरीतून ओरडून हाक मारतो. रविवारी मंडळाच्या पोरांनी खेळायला नेलं. परत आला तो घोट्याला पट्टी बांधून, आणि हसत होता. तीन वर्षांत मी त्याचे दात इतके पाहिले नव्हते.

धाराशिवच्या ताईंनी म्हटल्याप्रमाणे विचारलं. विषय पक्का आहे, इंग्रजीत मोठं उत्तर लिहायचं म्हटलं की अडतं. गल्लीतली एक मुलगी एम.ए. करतेय, ती रोज तासभर बसते. त्या बदल्यात तो तिच्या भावाला संगणक दाखवतो. वकील साहेब, पैशाचा व्यवहार नाही, ओसरीवर सगळ्यांसमोर बसतात.

एम.एस्सी.चा अर्ज भरला. फीसाठी आठ घरांनी मिळून रक्कम ठरवली आहे. ती थेट विद्यापीठात भरायची, पावती फाईलला. फाईल पिवळी आहे, तिच्यात पासपोर्टापासून गुणपत्रिकेपर्यंत सगळ्याच्या तीन-तीन प्रती. हे आमच्या ह्यांचं काम, निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना कार्यालयात गेल्यासारखं वाटतंय.

परवा त्यानं किस्रा केला. पीठ दोन दिवस आंबवलं, घरभर वास. माझ्या बिडाच्या तव्यावर पहिले तीन चिकटून फाटले. चौथा निघाला, कागदासारखा पातळ. त्यानं फोन लावून आईला दाखवला. ती तिकडून काहीतरी भराभर बोलली, तो लाजला. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, ‘बोलती है, आँच ज़्यादा है।’

आता एक काम अडलंय. पासपोर्टाची मुदत पाच महिन्यांवर आली आहे, आणि व्हिसाच्या मुदतवाढीसाठी परवा आयुक्तालयात बोलावलंय. ह्यांचा गुडघा धरला आहे, चालवत नाही. तो म्हणतो एकटा जातो. मागच्या वेळी एकटा गेला, तेव्हा अर्धा दिवस बाकावर बसून परत आला, काय कमी आहे ते त्याला कुणी नीट सांगितलंच नाही. सोबत मराठी बोलणारं कुणी असावं असं वाटतं.

---

चाऊस_परभणी
२४ जून, रात्री १०:२०

परवा मी कामानिमित्त शहरातच आहे. सकाळी दहाला आयुक्तालयाच्या फाटकाशी थांबतो. पांढरी टोपी, हातात निळी पिशवी.

---

बेगमपुऱ्याची काकू
२४ जून, रात्री १०:२६

चालेल दादा. पिवळी फाईल त्याच्याजवळ असेल. वेळ लागला तर असू द्या, डबा दोघांचा देते.